खिशातली वडी

एप्रिल लागला की लाचिगोनातली माणसं सकाळी दार उघडून पहिल्यांदा डोंगराच्या खांद्याकडे बघतात. खांदा हिरवा-काळा दिसला तर निवांत चूल पेटवायची. तिथे धुराचा पांढरा दोरा लोंबताना दिसला तर चुलीला घाई करायची, कारण घटकाभरात देवळाची घंटा वाजणार आणि घरातला पुरुष फावडं-कोयता घेऊन वाटेला लागणार.

यंदा तो दोरा तुटतच नव्हता. एका ओढ्यात विझवावा तर दुसऱ्या ओढ्यातून वर चढायचा. वारा कोरडा, पाइनच्या वाळल्या सुया पायाखाली पापडासारख्या मोडायच्या. बायकांच्या ओठांना चिरा पडल्या होत्या आणि कोंबड्याही चोच उघडी ठेवून सावलीला बसत होत्या.

हर्मेलिंदाची नजर डोंगराकडून वळायची ती नवऱ्याच्या डाव्या दंडावर. मागच्या वणव्यात फिदेन्सियो चक्कर येऊन पडला होता. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, आणि पडला तो निखाऱ्यांवर. अलीकडच्या टप्प्यावर आग अडवणारा अबुंदियो त्याच वेळी पाणी मागायला तिकडे वळला नसता तर – हे वाक्य त्या घरात कोणी पुरं करत नसे.

सासू ओबदुलिया त्याच्या दंडाला कोरफडीचा गर लावता लावता एवढंच म्हणाली होती, "उपाशी माणसाला आग लांबून ओळखते."

रविवारी देवळासमोर गाव बसलं. मुखिया क्लेओफास उभा राहिला. त्याच्या हातात एक चकचकीत कागद होता.

"पूर्वी खेचरावरून जेवण वर जायचं," तो म्हणाला, "सगळे एका खडकाशी जमून जेवायचे. तेव्हा आग लहान होती. आता आग अडवायची जाळरेषा केवढी लांबलीय ते तुम्हीच बघताय. मागच्या साली माणसं जेवायला जमली, आणि मोकळ्या पडलेल्या जागेतून आग पलीकडे गेली. आता जागा सोडायची नाही. ज्यानं त्यानं आपल्या जागेवर, खिशातलं खायचं." त्याने कागद उंच धरला. "शहरातून हे खोकंभर आलं होतं, आठवतं? एनर्जी बार."

"आठवतं तर!" सोईला मागून ओरडली. सोईला अबुंदियोची बायको, हर्मेलिंदाची शेजारीण. तिच्या जिभेची धार गावात कोयत्याच्या आधी मोजली जायची. "आमच्या डुकरानं हुंगला आणि तोंड फिरवलं. साबणाची वडी बरी!"

गाव हसलं. क्लेओफासही हसला आणि हसता हसता म्हणाला, "मग तुम्ही करा चांगली. खिशात राहील, उन्हात टिकेल, पोटाला आधार देईल अशी. हा यंदाचा बायकांचा तेकियो."

तेकियो म्हटल्यावर बोलणं संपलं. गावचं काम. त्याला पगार नाही आणि नकारही नाही. रस्ता, पाट, देवळाचं छप्पर, सगळं तेकियोनंच उभं राहिलेलं. पुढे कोण राहणार, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी हर्मेलिंदाकडे पाहिलं. जिचा माणूस पडला, तिनेच करावं, असं कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

येताना तिने नवऱ्याला विचारलं, "जागा बदलून नाही का मिळणार? खालच्या अंगाला?"

"जागा काय खुर्ची आहे का?" फिदेन्सियो म्हणाला. कावळ्याच्या सुळक्याखालचा टप्पा त्यांच्या घराण्याचा. त्याच्या आज्याने राखला, बापाने राखला. रेषेचं ते शेवटचं टोक. तिथून पुढे कडा, आणि मागे वळून हाक मारली तर ऐकायला कोणी नाही.

तिला तेवढंच ऐकू आलं. ऐकायला कोणी नाही.

*

ओबदुलियाच्या अंगणात चुली मांडल्या. ज्या घरात जे होतं ते आलं. कुणी राजगिरा आणला, कुणी शेंगदाणे, कुणी भोपळ्याच्या बिया. गुळाच्या ढेपी आल्या, मधाची एक बाटली आली. हर्मेलिंदा खापरासमोर बसली. खापर तापलं की चिमूटभर राजगिरा टाकायचा, लहानशा केरसुणीनं फिरवायचा. दाणे तडतडून पांढरे झाले की लगेच खाली. क्षणभर उशीर झाला की करपलेच. धूर डोळ्यांत जायचा. खालचा धूर कुठला आणि डोंगरावरचा कुठला, हे नाकालाही कळेनासं झालं होतं.

पाट्यावर बिया भरडताना ओबदुलिया गुणगुणत होती. आवाज फाटका, पण चाल पाट्यावरच्या दगडाची, पुढे-मागे, पुढे-मागे.

*पाट्यावरी वाटताना हात माझे थकले,*
*बोलवा गं शेजारणी, एकटीनं न चाखले...*

पहिल्या वड्यांवर त्यांनी सवयीनं मिरची-मीठ भुरभुरलं, वर लिंबू पिळलं. गोड म्हटलं की त्यावर तिखट हवंच; त्याशिवाय लाचिगोनात आंबासुद्धा कोणी खात नाही. अंगणात पुरुष जमले, वड्या हातोहात संपल्या. अबुंदियो बोटं चाटत होता.

क्लेओफासने मात्र वडी खाऊन घागरीतलं पाणी दोनदा प्यायलं. "झकास झालीय," तो म्हणाला. "पण वर एवढं पाणी कुठंय?"

एवढ्याजणी बसल्या होत्या आणि एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मिरची गेली. पुढच्या वेळी पाक मऊ ठेवला, मध जास्त घातला. मक्याच्या कणसाच्या वाळल्या सालात वड्या गुंडाळल्या आणि पुरुषांबरोबर वर धाडल्या. संध्याकाळी फिदेन्सियोच्या खिशात सालाला चिकटलेला लगदा परत आला.

"वितळली," तो म्हणाला.

"मग खाल्लंस काय?"

"पाणी प्यालो."

त्याचे गाल आत गेले होते. हर्मेलिंदाने भाकऱ्यांची टोपली त्याच्यापुढे सरकवली.

त्याच्या पुढच्या वेळी तिने पाक इतका आटवला की वडी पाट्यावर आपटून फोडावी लागली. अंगणातच अबुंदियोने चावा घेतला आणि कटकन आवाज झाला. वडी शाबूत होती. त्याचा दात नव्हता.

"अगं, आग विझवायला पाठवतेस का दगड फोडायला?" सोईला कडाडली. "आधीच त्याच्या तोंडात चार होते!"

"असू दे, असू दे," अबुंदियो तोंडावर हात धरून पुटपुटत होता, "चव चांगली आहे."

सगळे हसले. हर्मेलिंदा हसली नाही. तिने वाटीत पाणी घेतलं, पाकाचा थेंब त्यात सोडला आणि बोटाने गोळी वळून बघितली. फार मऊ. पुन्हा उकळी. पुन्हा थेंब. तिच्या बोटांची टोकं पोळून गुळगुळीत झाली होती. झोपेतही ती अंगठा तर्जनीवर घासायची. तिच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती: माझ्या हाताने पाक चुकला तर तो वर उपाशी राहील, आणि उपाशी राहिला तर पडेल. आणि तिकडे कोणी नाही.

शेवटी एका दुपारी जमलं. गोळी पाण्यात धरली, दाबली तर दबली, आपटली तर टण वाजली. राजगिरा, भरडलेले शेंगदाणे, बिया, चिमूटभरच मीठ. थापून, लाटून, गरम असतानाच सुरीने कापल्या. एक वडी तिने मुद्दाम छपरावर उन्हात ठेवली. संध्याकाळी काढली तर तशीच खडखडीत, दाताखाली कुरकुरीत.

सोईलाने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हर्मेलिंदा, ही खाऊन मीच जाते वर. अबुंदियो राहील घरी, धुणं धुईल."

*

त्या आठवड्यात सुळक्याखाली लहानशी आग लागली. पुरुष सकाळी गेले, खिशात वड्या घेऊन. संध्याकाळी आग विझवून आले. फिदेन्सियो उंबऱ्यात बसला तो बसलाच. सासूने त्याचे बूट काढले. त्याने पाच-सहा भाकऱ्या एका दमात खाल्ल्या, तेव्हा हर्मेलिंदाला शंका आली. पण तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर ती सदरा धुवायला बसली. दगडावर आपटण्याआधी सवयीने खिसा चाचपला. हाताला साल लागलं. सोडलं तर आत वडी. अखंड, कुरकुरीत, कडा जशाच्या तशा. दाताची खूण नाही.

शेजारी सोईला धूत होती. हर्मेलिंदाने वडी तिच्यासमोर धरली. सोईलाने आपल्या पदराची गाठ सोडली. त्यात अबुंदियोची वडी होती.

"मी म्हटलं, त्याचा दात दुखत असेल," सोईला हळू म्हणाली. इतकं हळू बोलताना तिला कोणी ऐकलं नव्हतं.

खालच्या दगडावरच्या बायकांनी माना वर केल्या. एकीने बोट दाखवलं: तिच्या टोपलीतही एक होती. एकजण म्हणाली, आमच्याकडच्यानं कोंबड्यांना घातली, कुणाला सांगू नको म्हणाला. ओढ्यावरचं आपटणं थांबलं. नुसतं पाणी वाहत होतं, तेही यंदा दोरीएवढं.

"मग आता यांना घास भरवायला वर जायचं की काय?" सोईलाचा आवाज परत आला. "दिवसभर आपण पाक आटवतोय, बोटं भाजतोय, आणि हे राजे –"

हर्मेलिंदा उठली. धुणं तसंच ठेवून घरी आली.

फिदेन्सियो परसात कोयत्याला धार लावत होता. तिने वडी त्याच्यासमोर दगडावर ठेवली.

"कडक आहे का?"

"नाही."

"गोड जास्त?"

"नाही गं."

"मग विष घातलंय का मी यात?"

त्याने कोयता बाजूला ठेवला. दंडावरची नवी गुलाबी कातडी उन्हात चकाकत होती.

"काढली होती," तो म्हणाला. "साल सोडलं. तोंडाशी नेली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. धूर. कोणी नाही. 'या जेवायला' कुणाला म्हणू? तोंड उघडेना. हसू नकोस."

"मी हसत नाही."

"पोरासारखं वाटलं. चोरून खाल्ल्यासारखं. कुत्रं कसं हाडूक घेऊन कोपऱ्यात जातं, तसं." त्याने मान खाली घातली. "तू कधी जेवलीस एकटी? आठवून सांग."

हर्मेलिंदाने आठवून पाहिलं. आजारपणात सासू ताट घेऊन समोर बसायची. बाळंतपणात सोईला बसली होती, स्वतःचा घास हातात धरून. नवरा गावकामाला बाहेर असला की ती आपली भाकरी घेऊन शेजारी जायची, नाहीतर शेजारीण इकडे यायची. मेलेल्यांनासुद्धा गाव नोव्हेंबरात एकटं जेवू देत नाही. त्यांचं ताट वाढून सगळे सभोवती बसतात. एकटीनं खाल्लेला एकही घास तिला आठवेना.

अंगणात सगळे मिळून चाखायचे, म्हणून प्रत्येक वडी आवडायची. हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. पाकाचा दोष नव्हता. आणि त्यानं तिची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली, कारण पाक पुन्हा उकळता येतो. याला काय करायचं?

ओबदुलिया उंबऱ्यातून ऐकत होती. म्हणाली, "याचा बापही असाच. खडकाशी माणसं जमेपर्यंत घास शिवायचा नाही. तेव्हा खडक होता."

*

दोन दिवस पांढरा दोरा दिसला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून वारा सुटला, आणि दार उघडलं तर खांदाच दिसेना. तिथे करड्या रंगाची भिंत होती आणि तिच्या बुडाशी लाल रेघ हलत होती.

घंटा घाईने वाजली. फिदेन्सियो बूट बांधत होता. ओबदुलिया पाण्याच्या बाटल्या भरत होती. हर्मेलिंदाने डब्यातून वडी काढली. सालात गुंडाळणार, तेवढ्यात थांबली.

मग तिने वडी दोन्ही हातांत धरून मधोमध मोडली. कट् असा आवाज झाला.

अर्धी सालात बांधून त्याच्या खिशात घातली. अर्धी आपल्या पदराच्या टोकाला बांधली.

"हे काय?"

"तुझी अर्धी तुझ्याकडे, माझी माझ्याकडे. दुपारची घंटा होईल तेव्हा मी इथून 'ये' म्हणेन. तू 'आलो' म्हण आणि खा."

"लोक हसतील."

"वर कोण आहे हसायला?"

तो खिशावर हात ठेवून उभा राहिला. मग कोयता उचलून निघाला.

सोईला कुंपणापलीकडून बघत होती. "अबुंदियो!" तिने हाक मारली. "मागे फीर! तुझी वडी दे इकडे. दे म्हणते ना! मोडायचीय!"

वाटेवर बायका धावल्या. खिसे उलटेपालटे झाले, वड्या मोडल्या, अर्ध्या परत गेल्या, अर्ध्या पदरात आल्या. कोणी रागावलं, कोणी लाजलं. मुखिया क्लेओफास सगळ्यात शेवटी आला, पाण्याचा पाठपंप खांद्यावर घेऊन. त्याच्या घरी कोणी नव्हतं. बायको जाऊन वर्षं झाली होती. तो नजर चुकवून पुढे जाऊ लागला.

"क्लेओफास," ओबदुलिया म्हणाली, "तुझी अर्धी माझ्याकडे दे. मला दात नाहीत, पण चघळेन."

त्या मोठ्या माणसाने खिशातली वडी मोडून अर्धी म्हातारीच्या हातावर ठेवली आणि खाली मान घालून उभा राहिला, पोरगा परसाद घेताना उभा राहतो तसा.

*

सकाळ सरता सरेना. राख पडू लागली. वाळत घातलेल्या कपड्यांवर, कोंबड्यांच्या पाठीवर, झाकलेल्या पाण्यावरही. बायका देवळाच्या पायऱ्यांवर जमल्या. कोणी सूत काढत होतं, कोणी नुसतंच बसलं होतं. अधूनमधून वर मोठं झाड फुटल्यासारखा आवाज यायचा आणि सगळ्या एकदम वर बघायच्या.

दुपारची घंटा वाजली. आणि वाजता वाजताच हर्मेलिंदाला कळलं.

वारा डोंगरावरून गावाकडे येत होता. धूर त्यांच्या तोंडावर येत होता, राख त्यांच्या केसांत. मग घंटेचा आवाज कुठे जाणार? मागे, दरीकडे. वर नाही. सुळक्यापर्यंत तर नाहीच.

"अजून वाजवा!" ती ओरडली. "जोरात!"

घंटा वाजत राहिली. बायकांनी पदराच्या गाठी सोडल्या. सोईला डोंगराकडे तोंड करून कडाडली, "या हो जेवायला!" आणि तिने तुकडा तोंडात टाकला. एकेकीने तसंच केलं. ओबदुलिया तोंड हलवत होती. हर्मेलिंदाच्या हातात अर्धी वडी तशीच होती.

"खा गं," सासू म्हणाली.

"त्याला ऐकू गेलं नसेल, आई. मी खाल्लं आणि तो तसाच बसला असेल तर?"

"आणि तो खात असेल, आणि तूच नसलीस तर?"

हर्मेलिंदाने वर पाहिलं. भिंत होती, बाकी काही नव्हतं. घंटा थांबली. ओबदुलियाने पायरीवर हात टेकला आणि पाट्याच्या चालीत, ओठांतल्या ओठांत म्हटलं,

*धुराच्या गं डोंगरात लेक माझा एकला,*
*अर्धा घास हातामधी, अर्धा त्याला धाडला...*

"ये," हर्मेलिंदा म्हणाली. मोठ्याने नाही. समोर ताट वाढून घरात हाक मारावी, तेवढ्याच आवाजात. "ये. गार होतंय."

वडीवर राख पडली होती. तिने ती फुंकली नाही. दाण्यांबरोबर कडू राख तिच्या दाताखाली आली. घास उतरायला बराच वेळ लागला.

*

दिवस कलताना वारा पडला. लाल रेघ सुळक्याच्या अलीकडे येऊन थांबली होती, आणि पुढे सरकत नव्हती. मग वाटेवर काळ्या आकृती दिसू लागल्या. चेहरे एकसारखे, काजळ फासलेले. चालीवरून बायका आपापला माणूस ओळखत होत्या. अबुंदियो आला. त्याने सोईलापुढे रिकामं साल नाचवलं. सोईलाने ते हिसकावून घेतलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून पाठ फिरवली.

माणसं येत होती. सुळका लांब. तिकडचा माणूस शेवटी येणार, हे हर्मेलिंदाला ठाऊक होतं. तरी प्रत्येक आकृतीला ती अर्धी उठत होती.

तो आला क्लेओफासच्या मागून, फावड्याचा आधार घेत. केसांची टोकं आणि भुवया जळल्या होत्या. तिच्यासमोर आला आणि उभा राहिला. तिने त्याच्या दंडाला हात लावला नाही, चेहऱ्यालाही नाही. सरळ खिशात हात घातला.

साल हाताला लागलं. तिने ते बाहेर काढलं, उलगडलं.

साल रिकामं होतं. जेवण झाल्यावर भाकरीच्या फडक्याची घालावी तशी त्याची नीट घडी घातलेली होती. एका कोपऱ्यात राजगिऱ्याचे तीन-चार दाणे.

"घंटा ऐकू नाही आली," फिदेन्सियो म्हणाला. घसा बसला होता. "सूर्यही दिसत नव्हता. मग पाय कापायला लागले. म्हटलं, ही झाली वेळ."

"मग?"

"मग वाट बघितली. तू बोलवशील म्हणून." त्याने ओठ चाटले, राख थुंकली. "मग मीच म्हणालो. ये म्हणालो. आणि खाल्ली."

"मला उशीर झाला," ती म्हणाली. "मी थांबले होते."

"तरीच." तो देवळाच्या पायरीवर टेकला. "तरीच पहिला घास उतरत नव्हता. नंतर उतरला."

वर अंधारात अजून ठिपके धगधगत होते. उद्या पुन्हा जायचं होतं. हर्मेलिंदाने सालातले ते दाणे तळहातावर घेतले, अर्धे त्याच्या ओठांशी धरले आणि म्हणाली, "ये."

"आलो," तो म्हणाला.